इंद्राची हत्तीण उसात गेली त्याची खरी हकीकत

शहापूर, बेळगाव
मंगळवार, १२ मार्च १९८५

ती. सौ. शालनआक्का हिला,

धनपालचा जय जिनेंद्र. पद्मूचा गोवर उतरला असेल आणि तिनं पुन्हा घर डोक्यावर घेतलं असेल असं धरून चालतो. भावजींचा गुडघा कसा आहे? (हे पत्र तुझ्याआधी तेच फोडणार, म्हणून त्यांना इथंच नमस्कार करून ठेवतो. भावजी, चालणं सोडू नका.) माझी तब्येत उत्तम आहे. फक्त एका जागी बसवत नाही. हे पत्र लिहायला बसल्यापासून दोनदा उठून जिन्याच्या तोंडाशी जाऊन आलो. खाली मागांची खटाखट चालू आहे आणि ती ऐकली की माझा पाय आपोआप हलायला लागतो. त्यामुळे अक्षर कुठं कुठं उडालेलं दिसेल, त्याला मी जबाबदार नाही.

तुझं पत्र मिळालं. दोन पानी पत्रात तू तीन प्रश्न विचारलेस. नोकरी सोडलीस काय, पंचकल्याण पूजेतून सगळ्या गावादेखत पळून गेलास ते खरं काय, आणि रविवारी चोवीसला जयसिंगपूरला मुलगी बघायला येणार आहेस का नाही. उत्तरं अशी: नाही, होय आणि येतो. एवढं लिहून पत्र संपवलं असतं तर पोस्टाचाही त्रास वाचला असता, पण मधल्या उत्तराला जरा जागा लागते. मी पळालो हे खरं आहे. कशाच्या मागं पळालो हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तू पूजेला आली नव्हतीस, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तुझ्या मते हे सगळं कॉलेजातल्या वाईट संगतीनं झालं. तसं काही नाही. हे सायकल पंक्चर झाल्यामुळं झालं. चौऱ्याहत्तर साली मी बी.कॉम.ला बेळगावला आलो, आणि दुसऱ्याच महिन्यात कॅम्पात सायकल पंक्चर झाली. दुकानाच्या शेजारच्या घरात पास्कोल मास्तर म्हणून एक गोव्याकडचे म्हातारे गृहस्थ पोरांना गिटार शिकवत बसले होते. मी खिडकीशी उभा राहिलो. पंक्चर निघालं, दुकान बंद झालं, पोरं घरी गेली, तरी मी उभाच. शेवटी मास्तर बाहेर येऊन म्हणाले, ‘तासभर एका पायावर उभा आहेस, आत तरी ये.’ मी आत गेलो तो चार वर्षांनी बाहेर आलो. मधल्या काळात बी.कॉम. दोनदा राहिलं. (आप्पांना अजून वाटतं की हिशेबाचा पेपर अवघड गेला. तो पेपर सोपा होता असं त्या वर्गातले सगळे सांगतात. मी त्या दिवशी तिथं नव्हतो.) मास्तर म्हातारपणी लेकीकडं मडगावला गेले तेव्हा जाताना आपली गिटार मला देऊन गेले. ते इंग्रजी गाणी शिकवायचे. मी ती म्हणायचो, पण त्यात जीव रमायचा नाही. मला इंग्रजीत राग येत नाही आणि आठवणही येत नाही. म्हणून मी माझी गाणी स्वतःच लिहायला लागलो, मराठीत, आणि चाली गिटारवर बांधायला लागलो. हा सगळा माझा गुन्हा.

मग आम्ही तिघं जमलो. भरमू तर माझा घरमालकच. खाली त्याचे दोन माग आहेत आणि वर मी राहतो. मागावर त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय चार वेगवेगळी कामं करत असतात, त्यामुळं ड्रम त्याला शिकवावा लागला नाही, नुसता दाखवावा लागला. दुसरे मारुतीराव. उद्यमबागेत ज्या फौंड्रीत मी स्टोअरला आहे तिथंच ते ओतकामाचे लाकडी साचे बनवतात. त्यांनी उरलेल्या सागवानातून बेस गिटार स्वतः घडवली. आवाज दणदणीत आहे, पण ती इतकी जड झाली की मारुतीराव उभं राहून वाजवायला लागले की हळूहळू डावीकडं कलतात. म्हणून ते बसून वाजवतात. लोकांना वाटतं ही काही परदेशी पद्धत असावी.

मंडळाला नाव काय द्यायचं यावर महिनाभर खल झाला. आपण सीमाभागातले, म्हणून मी ‘सीमा’ सुचवलं. दोघांना पसंत पडलं. तिथंच फसलो. संकेश्वरला एका तरुण मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाचं बोलावणं आलं. त्यांनी गावभर कागद चिकटवले: संकेश्वरात प्रथमच, सायंकाळी सहा वाजता, सीमा. पावणेसहाला मैदान भरलं. सगळे तरुण, इस्त्रीचे शर्ट, केसाला तेल. पहिल्या रांगेत एक फौजदार आणि दोन पोलीस. तरुणांना वाटलं सीमा नावाची कुणी बाई येणार, आणि पोलिसांना वाटलं सीमाप्रश्नावर घोषणा होणार. मी कर्ण्याच्या मागं बसून घाईघाईनं भाकरी खात होतो (दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं हे मी मोडलेलं नाही, आईला सांग. कार्यक्रम संपल्यावर भरमू आणि मारुतीराव ढाब्यावर मटणावर बसतात तेव्हा मी बाहेर गिटारी राखत बसतो). तोच फौजदारसाहेब मागं आले आणि गाणी कागदावर दाखवा म्हणाले. मी वही दिली. त्यांनी सहाच्या सहा गाणी उभ्यानं वाचली, वही परत दिली आणि म्हणाले, ‘आक्षेप घ्यावा असं ह्यात कायबी न्हाय. पर अर्थबी लागत न्हाय.’

स्टेजवर गेलो. दोन गाणी होईपर्यंत लोकांनी वाट बघितली. मग मागून कुणीतरी ओरडून विचारलं, सीमा कुठं आहे. भरमूनं ड्रमची काठी माझ्याकडं केली आणि माईकमध्ये शांतपणे म्हणाला, ‘हीच.’ तिसऱ्या गाण्याला मैदानात तीसेक माणसं उरली. पण आक्का, ती तीस माणसं शेवटपर्यंत थांबली. त्यातल्या एका साखर कारखान्याच्या फिटरनं मला एक गाणं पुन्हा म्हणायला लावलं. त्यानंतर आठ दिवस मला खुर्चीवर बसता आलं नाही. स्टोअरमध्ये मी नटबोल्टांच्या रॅकमधून येरझाऱ्या घालत होतो, आणि साहेबांनी डॉक्टरला दाखव म्हणून चिठ्ठी दिली.

त्या येरझाऱ्यांतूनच मी मुंबईला गेलो. कॅसेट काढणाऱ्या एका कंपनीतल्या गृहस्थांनी माझी दीड गाणी ऐकली. उरलेल्या अर्ध्यात त्यांना फोन आला. मग गाव विचारलं. निपाणीजवळ अक्कोळ म्हटलं. ‘म्हणजे कर्नाटक. मग तुम्ही बंगळूरला बघा की,’ असं म्हणून त्यांनी चहा पाजला. मी रजा वाढवून बंगळूरला गेलो. तिथल्या गृहस्थांनी सगळी गाणी ऐकली, मान डोलावली आणि मुंबईला जा असं सांगितलं, कारण गाणी मराठी. मी म्हटलं, कानडीत म्हणतो. दोन गाणी मी तिथं बसून कानडीत केली आणि म्हटली. त्यांनी शेजारच्या खोलीतून चार माणसं बोलावून आणली आणि पुन्हा म्हणायला लावलं. मला वाटलं जमलं. मग त्यांच्यातल्या एकानं डोळे पुसत विचारलं की ही कानडी कुठली. मी म्हटलं, आमच्या घरची. आपल्या घरात मराठीच्या जोडीला हीच चालते, देवाशीसुद्धा आपण ह्याच कानडीत बोलतो, त्यात हसण्यासारखं काय आहे हे मला अजून कळलेलं नाही. रेडिओचाही एक फॉर्म भरला होता (कुठल्या केंद्राचा ते लिहीत नाही, उगाच कशाला). त्यात भाषा या रकान्यात एकच भाषा लिहायची होती. मी दोन लिहिल्या. फॉर्म परत आला. पुढं बिनपगारी रजा काढून पणजीच्या एका हॉटेलात दीड महिना इंग्रजी गाणी म्हटली. तिथं मधूनच माझं एखादं मराठी गाणं घुसवायचो, आणि मॅनेजरनं विचारलं की ही जुनी कोकणी आहे म्हणून सांगायचो. एक दिवस जेवायला खरी कोकणी मंडळी आली आणि तेही संपलं.

ह्या सगळ्या काळात आप्पा माझ्याशी बोलत नव्हते हे तुला ठाऊक आहे. पण कसे बोलत नव्हते हे तू जयसिंगपूरला बसून बघितलेलं नाहीस. ‘मी तंबाखूच्या वखारीत बसणार नाही’ असं मी ज्या दिवशी म्हटलं, त्या दिवसापासून तीन वर्षं. सणाला घरी गेलो की मी त्यांच्या समोरच्या पाटावर जेवायला बसायचो आणि ते आईला म्हणायचे, ‘त्याला विचार, भात पायजे का.’ मीही आईलाच सांगायचो, पाहिजे म्हणून. आई मध्ये उभी राहून दोन्हीकडचं ऐकायची आणि भात वाढायची. माझं एकही गाणं त्यांनी ऐकलं नव्हतं. ऐकायचं नाही असं ठरवलंच होतं. मी ओसरीवर गिटार लावायला घेतली की ते टोपी घालून रानाकडं निघायचे.

आणि मग गावातली ही पूजा आली. पूजेत आप्पांना सौधर्म इंद्र व्हायचा मान मिळाला आणि आईला इंद्रायणीचा, हे तू ऐकलं आहेसच. पण तू त्यांना बघायला हवं होतंस. चाळीस वर्षांत ज्या माणसानं पांढऱ्या टोपीशिवाय डोक्याला काही लावलं नाही, त्याच्या डोक्यावर पाच दिवस मुकुट. कानात कुंडलं, दंडावर बाजूबंद, अंगावर केशरी रेशीम. आई तर सारखी मागं वळून बघत होती, इंद्रायणी कुठं आहे म्हणून. आणि पूजेच्या तीन दिवस आधी कोल्हापूरहून येणाऱ्या गायकाचा घसा बसला. समिती घाबरली. मिरवणुकीत इंद्र-इंद्रायणी हत्तीवर आणि पुढं गाणारा कुणी नाही, हे कसं दिसणार. सगळे मंडपात डोकं धरून बसले होते तेव्हा आप्पा म्हणाले, ‘आमचा धनपाल गातो.’

आक्का, हे वाक्य मला निपाणी बसच्या कंडक्टरनं येऊन सांगितलं. आईनं त्याच्याकडं निरोप दिला होता. मी त्याला ते वाक्य परत म्हणायला लावलं. ‘आमचा’ म्हणाले की आईचं नाव घेऊन ‘तारामतीचा’ म्हणाले, असंही विचारलं. तो म्हणाला, आमचा. हातात दोन दिवस होते. स्तवनं काढली, चाली बसवल्या, भरमूला ढोलकीवर आणलं. अगदी साधं, मर्यादेत करायचं असं ठरवलं होतं. फक्त मारुतीराव ऐकेनात. एवढ्या लोकांत नुसती गिटार कुणाच्या कानाला लागणार, असं म्हणून त्यांनी आपला स्पीकरचा मोठा बॉक्स टेंपोत घातलाच.

सकाळचे नऊ वाजले होते. भाड्यानं आणलेली हत्तीण नटवून मंडपाच्या दाराशी उभी. आप्पा आणि आई वर अंबारीत बसलेले. बायका कलश घेऊन ओळीत. मूर्ती अजून मंडपातच होती, हे आपलं नशीब. समितीच्या अध्यक्षांनी मला हातानं खूण केली, चालू करा. मी माईक घेतला. आणि सुरुवात करायच्या आधी आप्पांकडं एकदा बघावं म्हणून दोन पावलं पुढं गेलो. ती दोन पावलं नेमकी कर्ण्याच्या तोंडासमोर पडली. माईक कर्ण्यासमोर गेला की काय होतं हे तू कुठल्यातरी लग्नात ऐकलं असशील. इथं मारुतीरावांचा बॉक्स होता. अशी शिट्टी निघाली की बायकांनी कलश खाली ठेवून कान धरले. वाजंत्री थांबले. अध्यक्ष मंडपाच्या खांबामागं गेले. हत्तिणीनं ह्यातलं काहीच केलं नाही. तिनं क्षणभर विचार केला, वळली आणि चालायला लागली. पळाली नाही, हे मी शपथेवर सांगतो. कार्यक्रम पसंत न पडलेला माणूस मधूनच उठून जातो तशी गेली. माहूत मानेवर बसून ओरडत होता, अंबारीत आप्पा आणि आई, आणि ती गाडीवाट ओलांडून, बांध चढून, आण्णाप्पा खोतांच्या उभ्या उसात शिरली.

तेव्हा मी पळालो. हेच ते माझं पळणं. गिटार गळ्यातच होती, तिची वायर तुटून मागं फरफटत होती. मंडपातल्या लोकांना एवढंच दिसलं की आप्पाण्णा मगदूमांच्या पोरानं कसलातरी घाण आवाज काढला आणि पळून गेला. मी उसात शिरल्यामुळं पुढचं कुणाला दिसलं नाही. गावात जे पसरलं ते इथपर्यंतच.

आत गेलो तर हत्तीण उभी राहून ऊस खात होती. माहूत खाली उतरला होता. मला म्हणाला, ‘हिचं पोट भरंस्तोर ही आता हलायची न्हाय. बसवायला गेलो तर अंबारी कलंल.’ म्हणजे आप्पांना आणि आईला उतरता येईना. तेवढ्यात आण्णाप्पा खोत विळा घेऊन धावत आले. कुणाचं जनावर उसात शिरलं ते बघायला आले होते. वर मुकुट दिसला तसा विळा खाली ठेवून त्यांनी हात जोडले. ‘खाऊ द्या,’ म्हणाले, ‘इंद्राची हत्तीण हाय.’ आणि लांब बांधावर जाऊन बसले.

मी हत्तिणीच्या बाजूला उभा राहिलो. वर बघितलं. मुकुट आप्पांच्या एका कानावर आला होता. त्यांना कुठं जाता येत नव्हतं आणि मला जायचं नव्हतं. मधला माणूस म्हणून आई होती, पण ती अंबारीचा दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत होती. शेवटी आप्पाच बोलले. तीन वर्षांतलं पहिलं वाक्य.

‘काय वाजवलास रं ते?’

मी सांगितलं, वाजवलं नाही, माईक कर्ण्यासमोर गेला म्हणून शिट्टी आली.

‘हेच करतोस व्हय बेळगावात?’

‘न्हाय आप्पा. बेळगावात गाणी म्हणतो.’

‘कुणाची?’

‘माझीच. मीच लिवतो.’

 हत्तिणीनं एक ऊस मोडला. मग आईनं डोळे न उघडताच म्हटलं, ‘म्हणू दे की त्याला एखादं. आपल्याला तरी कुठं जायाचं हाय.’

 आप्पा नको म्हणाले नाहीत. मग मी म्हटलं. एक गाणं आहे, आप्पा सकाळी रानातून हिंडतात त्याचं. संकेश्वरच्या त्या फिटरनं दोनदा म्हणायला लावलं होतं तेच. बॉक्स नाही, ड्रम नाही, नुसती गिटार. पहिल्या ओळीला पट्टी चुकली. दुसऱ्या ओळीपासून सापडलं. हत्तिणीवर काही परिणाम झाला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, ती खात राहिली. वर काय चाललंय ते बघायचं मला धाडस झालं नाही. मी तिच्या पायाकडं बघत सगळं गाणं संपवलं. मग वर बघितलं तर आप्पांनी मुकुट काढून मांडीवर ठेवला होता आणि ते उसाच्या पलीकडं बघत होते.

‘शब्द कळत्यात की,’ ते म्हणाले. ‘मग तेवढा मोठा डबा कशाला लागतोय?’

झालं. एवढंच. त्यानंतर हत्तिणीचं पोट भरलं, माहुतानं तिला वळवली, मिरवणूक तासभर उशिरा निघाली आणि अभिषेक व्यवस्थित पार पडला. मला कुणी गायला सांगितलं नाही. प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी स्तवनं म्हटली, बरी म्हटली. आप्पा माझ्या पुढून दोनदा गेले. दोन्ही वेळा ते इंद्र होते, त्यामुळं बोलणार तरी कसे. मी त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं बेळगावला आलो.

ह्याला आता महिना झाला. आप्पांचं पत्र नाही, निरोप नाही. निपाणीच्या बाजारात मला ‘हत्तीवाला’ म्हणतात. दरम्यान मारुतीरावांनी पुण्याच्या एका मोठ्या फौंड्रीत अर्ज केला आणि त्यांना तिकडची जागा मिळाली. बेस गिटार माझ्याकडं ठेवून गेले, ती एसटीत कुणी चढवू देईना. भरमूनं तिसरा माग घातलाय, त्याला वेळ नाही. पूजेपासून मी कामावर गेलेलो नाही, परवा साहेबांचं पत्र आलं की सोमवारी पंचवीस तारखेला कामावर हजर झालास तर ठीक, नाहीतर नाव काढू. मी एकतीस वर्षांचा आहे, आक्का. मुंबईत मी कानडी, बंगळुरात मराठी आणि निपाणीत हत्तीवाला. सारखं कुठंतरी जायचं आणि तिथून निघायचं, ह्याचा मला स्वतःलाच कंटाळा आलाय. तेव्हा तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरं पुन्हा नीट लिहितो. पंचवीसला मी कामावर रुजू होणार. गिटार कपाटावर ठेवली आहे, गाणं सोडलं. आणि रविवारी चोवीसला पांढरा शर्ट घालून जयसिंगपूरला येतो, मुलगी दाखव. मुलीकडच्यांना फौंड्रीत स्टोअरकीपर आहे एवढंच सांग. बाकीचं आता सांगण्यासारखं उरलेलं नाही.

पद्मूला गोड पापा. भावजींनी गुडघ्याला तेल लावत जावं.

तुझा,
धनपाल

ता. क. गुरुवार. पत्र अजून माझ्याकडंच आहे. पोस्टात जायला निघालो की पाय भलतीकडंच वळतात. आज कोल्हापूरहून एका गृहस्थांचं पत्र आलं. ते पूजांच्या ठिकाणी भजनांच्या कॅसेटी विकतात आणि त्यांच्या दुकानाच्या वर रेकॉर्डिंगची एक खोली आहे. आपल्या पूजेत त्यांचा स्टॉल होता. हत्तीण गेली तेव्हा तेही मागोमाग आले होते आणि आण्णाप्पा खोतांच्या शेजारी बांधावर बसून त्यांनी गाणं ऐकलं. लिहितात, तसंच म्हणत असाल, बॉक्सशिवाय, तर सहा गाण्यांची कॅसेट काढू. तारीख पंचवीस, सोमवार, सकाळी अकरा. मी त्यांना नम्रपणे नकार लिहिला आहे. तो कागदही इथंच टेबलावर पडलाय. भरमूला वाचून दाखवला तर तो म्हणाला, ढोलकीला कितीसा वेळ लागतो, माग एक दिवस बंद राहिला तर राहू दे.

ता. क. दुसरा. शनिवार. आप्पांचं कार्ड आलं. जसंच्या तसं उतरवतो.

‘चि. धनपाल यास आशीर्वाद. उसात म्हटलेल्या गाण्यात एक चूक आहे. दुसऱ्या कडव्यात तू तंबाखूच्या रानाला फुलं आली म्हणतोस. आपण तंबाखूला फुलं येऊ देत नाही. कळी दिसली की शेंडा खुडतो, म्हणजे पान जाड होतं. चार झाडं बियाला ठेवतो, तेवढ्यालाच फुलं येतात. वखारीत बसला असतास तर कळलं असतं. दुरुस्ती करून दिली आहे, तीच म्हणावी.

शेंडा खुडला माझ्याच हातानं,
पान जाड व्हावं म्हणून.
एक ठेवलं झाड बियाला,
तेवढं आलं फुलून.

तुझी आई बरी आहे.’

आक्का, हे मी उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. मग बराच वेळ बसूनच राहिलो, हे तुला खरं वाटणार नाही. ह्या ओळी माझ्या चालीत बसत नव्हत्या. मी चाल बदलली. कोल्हापूरला येतो म्हणून कळवलं, साहेबांना राजीनामा लिहिला आणि आप्पांना दोन्ही गोष्टी कार्डावर कळवल्या. वर लिहिलेलं गाणं सोडल्याचं वाक्य खोडत नाही. मंगळवारी ते खरं होतं. मुलीकडच्यांना मात्र आता खरं सांग, मुलगा गातो आणि सध्या दुसरं काही करत नाही. त्यांनी नको म्हटलं तरी चहा पिऊन जाईन.

ता. क. तिसरा. बुधवार, २०. आणि हे पत्र अखेर ज्यासाठी टाकतोय ते. आप्पांचं दुसरं कार्ड आलं. मुलगी बघायला ते आईला घेऊन शनिवारीच तुझ्याकडं येतील. सोमवारी सकाळी तुला म्हणतील की मिरजेला डोळे दाखवायला जायचं आहे. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. आपल्या चार ओळी जशा लिहिल्या तशाच म्हटल्या जातात का, हे त्यांना कोल्हापूरला रेकॉर्डिंगच्या खोलीत बसून स्वतः बघायचं आहे. शालनला कळवू नको असं त्यांनी दोनदा लिहिलंय. ती म्हणेल, म्हातारा पोराच्या नादाला लागला. तसंच झालंय, पण तू म्हणू नकोस. स्टँडवर सोडायला जा, मिरजेचं तिकीट काढतो म्हणाले तर होय म्हणून मान डोलव, आणि कोल्हापूरच्या गाडीत बसवून दे.